पोर्टच्या आधी पत्ता वाचा: उघड्या सॉकेटची यादी टर्मिनलवर कशी बघावी

संगणक नुकताच सुरू झालाय, तुम्ही अजून काहीही उघडलेलं नाही, तरी आत पाच-दहा प्रोग्राम नेटवर्ककडे कान लावून बसलेले असतात. एक वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देतो, दुसरा छपाईची कामं रांगेला लावतो, तिसरा दुरून लॉगिन करणाऱ्याची वाट बघतो. यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, गरजेचेही असतात. पण ते कोण आहेत आणि नेमकं कोणाचं ऐकायला बसलेत, हे त्या मशीनची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला माहीत असलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. यादी मिळवायला एक कमांड पुरते. खरं काम ती यादी वाचण्यात आहे आणि तिथेच घाई होते: नजर पोर्टच्या आकड्यावर जाते, त्याच्या शेजारचा पत्ता तसाच राहून जातो.

वाचायच्या आधी एक सूचना. इथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

## सॉकेट म्हणजे काय

प्रोग्रामला नेटवर्कवर काही पाठवायचं असेल तर तो थेट नेटवर्क कार्डाला हात लावत नाही. तो कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडे, सॉकेट मागतो. कर्नल त्याला एक आकडा देतो, अगदी फाइल उघडल्यावर देतो तसाच, आणि मग प्रोग्राम त्या आकड्यावर लिहितो, त्यावरूनच वाचतो. ही पद्धत १९८३ साली बर्कलीच्या युनिक्समध्ये, ४.२बीएसडी या आवृत्तीत आली. आज लिनक्स, मॅक, विंडोज सगळीकडे तिचीच रूपं चालतात. सॉकेट प्रोग्रामच्या हातात फाइलसारखं असतं, ही गोष्ट लक्षात ठेवा. थोडं पुढे गेल्यावर ती कामाला येते.

आयपी पत्ता पॅकेटला, म्हणजे माहितीच्या तुकड्याला, मशीनपर्यंत आणतो. मशीनमधल्या कुठल्या प्रोग्रामला ते द्यायचं हे पोर्टच्या आकड्यावरून ठरतं. हा आकडा १६ बिटांचा, म्हणून तो ० ते ६५५३५ च्या पलीकडे जाऊच शकत नाही. माहिती पाठवायच्या दोन पद्धती आहेत: आधी जोडणी करून पाठवणारी टीसीपी आणि जोडणी न करता पाठवणारी यूडीपी. या दोघींचे पोर्ट वेगवेगळे मोजले जातात. टीसीपीचा ५३ एका प्रोग्रामकडे आणि यूडीपीचा ५३ दुसऱ्याकडे असू शकतो.

टीसीपीमध्ये सॉकेट दोन प्रकारची दिसतात आणि हा फरक पक्का असेल तर पुढचा अर्धा गोंधळ होतच नाही. लिसन करणाऱ्या, म्हणजे कनेक्शनची वाट बघत ऐकत बसलेल्या, सॉकेटला फक्त आपली बाजू असते: हा पत्ता, हा पोर्ट, कोणीही या. समोर अजून कोणी नसतं. कोणी कनेक्शन केलं की कर्नल त्या कनेक्शनसाठी नवीन सॉकेट तयार करतो आणि लिसन करणारं सॉकेट आहे तिथेच, पुढच्याची वाट बघत राहतं. म्हणून वेब सर्व्हरला एकाच वेळी पाचशे जण जोडलेले असले तरी यादीत त्या पाचशेही ओळींवर आपल्या बाजूचा पोर्ट ४४३ च दिसतो. नवख्या माणसाला प्रश्न पडतो की एका पोर्टवर इतके जण कसे. उत्तर असं की टीसीपी कनेक्शनची ओळख चार गोष्टी मिळून ठरते: आपला पत्ता, आपला पोर्ट, समोरचा पत्ता, समोरचा पोर्ट. चारातली एक जरी वेगळी असली तरी ते वेगळं कनेक्शन.

## ती एक कमांड

लिनक्सवर ही कमांड:

सुडो एसएस -टीएलएनपी

सुडो म्हणजे ही कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालव. एसएस हे प्रोग्रामचं नाव. पुढची चार अक्षरं म्हणजे: टी, फक्त टीसीपी दाखव, एल, फक्त लिसन करणारी सॉकेट दाखव, एन, आकडे आकड्यांतच ठेव, पी, कुठल्या प्रोसेसचं, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामचं, सॉकेट आहे ते सांग. अक्षरांचा क्रम कसाही चालतो.

यातलं एन अक्षर मी कधीच गाळत नाही. ते नसेल तर पोर्टच्या आकड्याऐवजी नाव छापलं जातं, आणि ते नाव इटीसी फोल्डरमधल्या सर्व्हिसेस नावाच्या फाइलमधून उचललेलं असतं. त्या फाइलमध्ये फक्त कुठल्या आकड्याला प्रथेप्रमाणे काय म्हणतात एवढंच लिहिलेलं असतं. तुम्ही ५४३२ वर एखादा भलताच प्रोग्राम चालवला तरी तिथे पोस्टग्रेस या डेटाबेसचंच नाव येईल. आकडा खोटं बोलत नाही, ते नाव बोलू शकतं.

आता आउटपुट. उदाहरणासाठी चार ओळी:

लिसन ० १२८ ०.०.०.०:२२ ०.०.०.०:* एसएसएचडी, पीआयडी ८१२
लिसन ० ४०९६ १२७.०.०.५३%एलओ:५३ ०.०.०.०:* सिस्टमडी-रिझॉल्व्ह, पीआयडी ६०१
लिसन ० २०० १२७.०.०.१:५४३२ ०.०.०.०:* पोस्टग्रेस, पीआयडी ९४०
लिसन ० ५११ *:३००० *:* नोड, पीआयडी ४३१७

डावीकडून पहिला रकाना अवस्थेचा. नंतरचे दोन आकडे रांगांचे, त्यांच्याकडे नंतर येऊ. चौथा रकाना आपला पत्ता आणि पोर्ट, पाचवा समोरच्याचा. लिसन करताना समोर कोणीच नसतं, म्हणून तिथे फक्त शून्यं आणि तारका. शेवटी प्रोसेसचं नाव आणि क्रमांक (पीआयडी).

## चौथा रकाना सावकाश वाचा

तिसऱ्या ओळीतला पोस्टग्रेस १२७.०.०.१ वर बसलाय. हा लूपबॅकचा पत्ता, म्हणजे मशीनचा स्वतःशी बोलायचा पत्ता. याच मशीनवरचा प्रोग्राम इथे पोहोचू शकतो, बाहेरचा नाही. लूपबॅक एकाच पत्त्यापुरता नसतो. १२७ ने सुरू होणारे सगळे पत्ते त्याच्याच मालकीचे आहेत. म्हणून दुसऱ्या ओळीतला १२७.०.०.५३ विचित्र दिसला तरी घाबरू नका. अनेक लिनक्समध्ये नावांवरून पत्ते शोधणारी स्थानिक सेवा तिथे असते. टक्क्याच्या खुणेपुढचं एलओ म्हणजे हे सॉकेट लूपबॅकच्या इंटरफेसला बांधलेलं आहे.

पहिल्या ओळीतला एसएसएचडी ०.०.०.० वर आहे. याचा अर्थ मशीनला जितके आयपीव्ही४ (चार आकड्यांचे, जुन्या पद्धतीचे) पत्ते आहेत त्या सगळ्यांवर. वायफायचा, केबलचा, व्हीपीएनचा, उद्या नवीन जोडलात तर त्याचाही. दुरून लॉगिनसाठी हे बहुतेक वेळा मुद्दाम ठेवलेलं असतं, त्यामुळे ठीक.

चौथी ओळ मात्र थांबून बघण्यासारखी आहे. तारका आणि ३०००. तारकेचा अर्थ सगळे आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे, लांब) पत्ते आणि शिवाय सगळे आयपीव्ही४ पत्ते, एकाच सॉकेटवर. नोडमध्ये (जावास्क्रिप्टचा कोड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) सर्व्हर सुरू करताना पत्ता दिला नाही तर तो असाच उघडतो. लिहिणारा ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:३००० टाकतो, पान दिसतं आणि त्याची समजूत होते की हे फक्त आपल्या मशीनपुरतं आहे. तो स्वतः लूपबॅकवरून आला एवढंच त्याने पाहिलं. त्याच वायफायवरचा कोणीही त्याच पोर्टवर येऊ शकतो हे ब्राउझर त्याला सांगणार नाही. ही ओळ सांगते. अर्धवट लिहिलेला प्रोग्राम, त्यात चाचणीसाठी पासवर्ड बंद ठेवलेला, आणि तो सगळ्या नेटवर्कला उघडा, हे फार सहज घडतं. दुरुस्ती एका शब्दाची असते: सर्व्हर सुरू करताना १२७.०.०.१ हा पत्ता द्यायचा.

कधी चौकटी कंसात दोन अपूर्णविराम दिसतील, [::] असे. तो आयपीव्ही६ मधला "सगळे पत्ते" असा पत्ता. लूपबॅकचा असेल तर [::१]. या दोन्हींत फक्त एका आकड्याचा फरक आहे आणि थकलेल्या डोळ्यांना तो सहज निसटतो. आयपीव्ही४ च्या ओळी नीट तपासून आयपीव्ही६ च्या ओळी वरवर बघायची सवय अनेकांना असते. ती मोडा.

या रकान्याकडे दुर्लक्ष झालं की काय होतं याची सार्वजनिक उदाहरणं आहेत. २०१७ च्या जानेवारीत इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस हल्लेखोरांनी पुसले आणि त्यांच्या जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली. त्यासाठी कोणाला कुलूप फोडावं लागलं नाही. २७०१७ हा पोर्ट जगाला उघडा होता, बस. त्याच वर्षी आलेल्या ३.६ या आवृत्तीपासून मोंगोडीबी मुळातच लोकलहोस्टला बांधून येऊ लागला.

दुसरं उदाहरण यूडीपीचं, आणि यूडीपी तपासायला लोक विसरतातच. मेमकॅशडी हा डेटा तात्पुरता मेमरीत ठेवणारा प्रोग्राम ११२११ या पोर्टवर टीसीपीसोबत यूडीपीही ऐकायचा. यूडीपीत आधी हस्तांदोलन होत नाही, त्यामुळे पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो. हल्लेखोर छोटी विनंती पाठवायचे, पाठवणारा म्हणून बळीचा पत्ता लिहायचे आणि मेमकॅशडी भलंमोठं उत्तर त्या बिचाऱ्याकडे पाठवायचा. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहबवर याच मार्गाने सेकंदाला १.३५ टेराबिट इतका मारा झाला. नंतर मेमकॅशडीच्या १.५.६ आवृत्तीत यूडीपी मुळातूनच बंद करून दिलं गेलं.

म्हणून कमांडमध्ये टीसोबत यू हे अक्षरही घाला: एसएस -टीयूएलएनपी. यूडीपीच्या ओळींवर लिसनऐवजी अनकॉन असं दिसेल, म्हणजे कोणाशी जोडलेलं नाही. यूडीपीला लिसन नावाची अवस्थाच नसते, त्यामुळे ते बिघाडाचं लक्षण समजू नका.

## प्रोसेसचा रकाना रिकामा का येतो

सुडो न लावता कमांड चालवली तर यादी येते, पण प्रोसेसची नावं फक्त तुमच्या स्वतःच्या प्रोग्रामपुरती. बाकीच्या ओळींवर तो रकाना कोरा. कारण समजून घेण्यासारखं आहे.

कर्नलच्या सॉकेटच्या नोंदीत "मालक प्रोसेस" असा रकाना नाही. तिथे सॉकेटचा आयनोड क्रमांक, म्हणजे कर्नलने त्याला दिलेला ओळखीचा आकडा, असतो. मालक शोधायला एसएसला उलट बाजूने जावं लागतं: प्रॉक फोल्डरमधल्या (कर्नल आपली माहिती इथे फाइलींच्या रूपात मांडतो) प्रत्येक प्रोसेसच्या एफडी नावाच्या फोल्डरमध्ये डोकवायचं आणि त्या प्रोसेसने उघडलेल्या फाइलींमध्ये हाच आयनोड असलेलं सॉकेट आहे का ते बघायचं. सॉकेट प्रोग्रामच्या हातात फाइलसारखं असतं, हे इथे उपयोगी पडलं. पण दुसऱ्याच्या प्रोसेसचं हे फोल्डर उघडायची परवानगी सामान्य वापरकर्त्याला नसते. म्हणून सुडो.

सुडो लावूनही रकाना कोरा राहिला तर? लगेच घुसखोरीची शंका घेऊ नका. काही सॉकेट कर्नलनेच उघडलेली असतात. वायरगार्ड व्हीपीएनचा यूडीपी पोर्ट, एनएफएस या फाइल वाटणाऱ्या सर्व्हरचा २०४९, यांच्यामागे कुठलीही साधी प्रोसेस नसते, मग नाव कुठून येणार. मात्र असा कोरा रकाना ज्या पोर्टवर आहे त्याचं कारण तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

आणखी एक चकवा. कधी २२ वर एसएसएचडीऐवजी किंवा त्याच्याबरोबर सिस्टमडीचं नाव दिसतं. सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम, स्वतः पोर्ट उघडून बसतो आणि पहिला पाहुणा आला की खरा प्रोग्राम सुरू करून सॉकेट त्याच्या हाती देतो. उबुंटूने २२.१० पासून एसएसएचसाठी हीच पद्धत घेतली.

याच ठिकाणी नेटस्टॅट या याच कामाच्या जुन्या कमांडबद्दल सांगतो. तो लिनक्सवर हीच माहिती प्रॉकमधल्या नेट फोल्डरातल्या टीसीपी नावाच्या फाइलमधून वाचतो. ती साधी मजकुराची फाइल आहे, एकदा उघडून बघाच. तिथे पत्ते सोळाच्या पायावर लिहिलेले असतात आणि नेहमीच्या प्रोसेसरवर बाइट उलट्या क्रमाने येतात. आपला पोस्टग्रेस तिथे ०१००००७एफ:१५३८ असा दिसेल. ७एफ म्हणजे १२७, मागून पुढे वाचलं की १२७.०.०.१, आणि १५३८ म्हणजे दशमानात ५४३२. पुढे अवस्थेच्या जागी ०ए, म्हणजे लिसन. कुठल्याही कमांडशिवाय, फक्त ही फाइल वाचून काम भागतं; एखाद्या छाटलेल्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा ठेवून चालवायच्या बंदिस्त जागेत) एसएसही नसतो आणि नेटस्टॅटही नसतो, तेव्हा हा रस्ता हाताशी असतो.

एसएस मात्र ही फाइल न चाळता नेटलिंक नावाच्या थेट वाटेने कर्नललाच विचारतो. हजारो कनेक्शन असलेल्या सर्व्हरवर वेगातला फरक जाणवतो. शिवाय नेटस्टॅट ज्या पॅकेजमध्ये येतो ते आता अनेक ठिकाणी आपोआप बसवलं जात नाही. डेबियनमध्ये ९व्या आवृत्तीपासून नाही. नवीन शिकणाऱ्याने एसएसच शिकावं असं माझं मत आहे.

## लिसन सोडून बाकीच्या अवस्था

एल अक्षर काढलं की जोडलेली सॉकेट दिसतात, आणि एल ऐवजी ए घातलं तर सगळीच. इथे अवस्थांची नावं येतात. टीसीपीच्या या अवस्था १९८१ च्या आरएफसी ७९३ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात लिहिल्या गेल्या. २०२२ मध्ये आलेल्या आरएफसी ९२९३ ने त्या दस्तऐवजाची जागा घेतली, पण अवस्था त्याच राहिल्या. त्यातल्या दोनच (क्लोज-वेट आणि सिन-सेंट) तुम्हाला खऱ्या अर्थाने त्रास देतील, आणि गंमत म्हणजे लोक घाबरतात नेमकं चुकीच्या अवस्थेला.

टाइम-वेट दिसलं की लोक दचकतात. गजबजलेल्या सर्व्हरवर अशा शेकडो ओळी असतात. जी बाजू कनेक्शन आधी बंद करते ती या अवस्थेत थोडा वेळ थांबते, म्हणजे वाटेत रेंगाळलेलं एखादं जुनं पॅकेट पुढच्या नव्या कनेक्शनमध्ये घुसत नाही. लिनक्समध्ये हा थांबा ६० सेकंदांचा. तो संपला की ओळ आपोआप जाते. इथे काहीही दुरुस्त करायचं नसतं.

क्लोज-वेटचं तसं नाही. समोरच्याने कनेक्शन बंद केलं, तसं कळवलं, आपल्या कर्नलने ते नोंदवलं, पण आपल्या प्रोग्रामने आपल्या बाजूचं सॉकेट बंदच केलं नाही. याला कुठलीही वेळमर्यादा नाही. प्रोग्राम जिवंत आहे तोवर ती ओळ राहते. दोन-चार ओळी येऊन गेल्या तर ठीक, पण तासागणिक संख्या वाढत असेल तर प्रोग्रामच्या कोडमध्ये सॉकेट बंद करायचं कुठेतरी राहून गेलंय, हे जवळपास नक्की समजा. शेवटी उघड्या फाइलींची मर्यादा संपते (ती बऱ्याचदा १०२४ असते) आणि प्रोग्राम नवीन कनेक्शन घ्यायचं थांबवतो. सर्व्हर पुन्हा सुरू केला की सगळं सुरळीत होतं, म्हणून खरा दोष महिनोन्‌महिने दडून राहतो. तो पकडायला ही यादी दिवसातून दोनदा बघणं पुरतं.

सिन-सेंट अवस्थेत ओळी अडकून राहिल्या तर आपला प्रोग्राम कोणाला तरी हाक मारतोय आणि पलीकडून काहीच उत्तर येत नाही. बहुधा वाटेत फायरवॉल (नको ती पॅकेट अडवणारी यंत्रणा) आहे किंवा पत्ता चुकलाय.

आता रांगांचे ते दोन आकडे. यांचा अर्थ अवस्थेनुसार बदलतो, आणि हे माहीत नसेल तर आकडे निरर्थक वाटतात. जोडलेल्या सॉकेटवर पहिला आकडा म्हणजे येऊन पडलेले पण प्रोग्रामने न वाचलेले बाइट, आणि दुसरा म्हणजे पाठवलेले पण समोरून पोच न आलेले बाइट. पहिला सतत मोठा असेल तर आपला प्रोग्राम मंद आहे. दुसरा मोठा असेल तर नेटवर्क किंवा समोरचा मंद आहे. "चूक सर्व्हरची की नेटवर्कची" हा वाद या दोन आकड्यांवरून बऱ्याचदा मिनिटात मिटतो.

लिसन करणाऱ्या सॉकेटवर मात्र पहिला आकडा म्हणजे जोडणी पूर्ण होऊनही प्रोग्रामने अजून आत न घेतलेली कनेक्शनं, आणि दुसरा म्हणजे अशी जास्तीत जास्त किती थांबू शकतात ती मर्यादा. आपल्या यादीत नोडची मर्यादा ५११, एसएसएचडीची १२८. पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळ जाऊन तिथेच राहिला तर नवीन येणाऱ्यांना सर्व्हर गोठल्यासारखा वाटतो, प्रोसेसर निवांत असला तरी. या मर्यादेवर कर्नलचीही एक वरची मर्यादा असते, लिनक्स ५.४ पासून ती ४०९६ आहे, त्याआधी १२८ होती.

## "पत्ता आधीच वापरात आहे"

प्रोग्राम सुरू करताना या अर्थाची चूक येते तेव्हा यादी गाळून बघता येते:

सुडो एसएस -टीएलएनपी 'एसपोर्ट = :३०००'

एसपोर्ट म्हणजे आपल्या बाजूचा पोर्ट, डीपोर्ट म्हणजे समोरचा. पीआयडी मिळाला की आधी ती प्रोसेस कशाची आहे ते बघा. बऱ्याचदा कालच्या टर्मिनलमध्ये विसरलेली आपलीच जुनी प्रत असते. ती बंद करताना साधी किल कमांड द्या. उणे ९ लावून मारणं अगदी शेवटचा उपाय; त्यात प्रोग्रामला हातातलं लिखाण पूर्ण करायची संधीच मिळत नाही, आणि डेटाबेससारख्या प्रोग्रामच्या बाबतीत ते महागात पडू शकतं. मारल्यावर क्षणात नव्या पीआयडीने परत उभी राहिली तर तिला सिस्टमडीसारखा कोणी सांभाळतोय. तिथे सिस्टमसीटीएल स्टॉप हाच मार्ग.

यादीत त्या पोर्टवर कोणीच लिसन करत नसेल आणि तरी तीच चूक येत असेल, तर एलऐवजी ए घालून बघा. त्याच पोर्टच्या टाइम-वेटमधल्या ओळी दिसतील. मिनिटभर थांबलं की पोर्ट मोकळा होतो; कायमचा उपाय म्हणजे प्रोग्राममध्ये रीयूज-अॅड्रेस हा पर्याय चालू करणं.

## मॅक आणि विंडोज

मॅकवर एसएस नाही. तिथे एलएसओएफ वापरतात, म्हणजे उघड्या फाइलींची यादी देणारा प्रोग्राम. सॉकेट फाइलसारखं असल्यामुळे तो सॉकेटही दाखवतो. कमांड अशी: सुडो एलएसओएफ -एनपी -आयटीसीपी -एसटीसीपी:लिसन. यात पहिल्या गटातला पी मोठा, टीसीपी हे शब्द मोठ्या अक्षरांत आणि लिसनही मोठ्या अक्षरांत. मोठा पी पोर्टचे आकडे आकडेच ठेवतो. मॅकच्या मॉन्टेरी आवृत्तीपासून ५००० हा पोर्ट एअरप्ले रिसीव्हर धरून बसतो. ५००० वर आपला सर्व्हर का चालत नाही याचं कोडं अनेकांना इथे सुटतं.

विंडोजवर नेटस्टॅट -एएनओ. शेवटच्या रकान्यात पीआयडी येतो, तो टास्क मॅनेजरमध्ये शोधायचा. पीआयडी ४ दिसला तर ती सिस्टम, म्हणजे कर्नलच. ४४५ वर फाइल शेअरिंगसाठी ती असतेच. ८० वर दिसली तर विंडोजचा अंगचा एचटीटीपी भाग कोणासाठी तरी तो पोर्ट सांभाळतोय. तिला टास्क मॅनेजरमधून मारायचा प्रयत्न करू नका, ज्या सेवेसाठी पोर्ट उघडलाय ती सेवा बंद करा.

## यादीत जे दिसत नाही

लिसन करणं आणि पोहोचता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एसएसला फायरवॉलची काहीच कल्पना नसते. ०.०.०.० वर बसलेला प्रोग्राम फायरवॉलने पूर्ण झाकलेला असू शकतो. खात्री करायची तर दुसऱ्या मशीनवरून त्या पोर्टवर जाऊन बघायचं, एनसी -व्हीझेड किंवा एनमॅप वापरून. आणि हे फक्त स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या मशीनवरच करा. लगेच नकार आला तर पॅकेट पोहोचलं, पण तिथे कोणी ऐकत नाही. नुसती शांतता आणि मग वेळ संपला, तर बहुधा फायरवॉलने पॅकेट गिळलं.

कंटेनरचं वेगळंच. प्रत्येक कंटेनरचं नेटवर्क सहसा स्वतंत्र असतं, त्यामुळे बाहेरच्या मशीनवरच्या यादीत आतली सॉकेट येत नाहीत. आत बघायला सुडो एनएसएंटर -टी, मग कंटेनरमधल्या प्रोसेसचा पीआयडी, मग -एन आणि त्यापुढे नेहमीची एसएस कमांड. आणि कंटेनर चालवणाऱ्या डॉकरबद्दल हे नक्की लक्षात ठेवा: पोर्ट बाहेर काढताना ५४३२:५४३२ एवढंच लिहिलं तर तो सगळ्या पत्त्यांवर उघडतो, आणि डॉकर स्वतःचे नियम घालत असल्याने यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये बंद केलेला पोर्टही बाहेरून चालू राहतो. यूएफडब्ल्यू "बंद" म्हणतो, माणूस निश्चिंत होतो आणि डेटाबेस जगाला उघडा राहतो. पुढे १२७.०.०.१: लावून लिहा, म्हणजे तो मशीनपुरताच राहील.

क्षणार्धात येऊन जाणारी कनेक्शनंही या यादीत सापडत नाहीत, कारण यादी त्या एका क्षणाचीच असते. त्यासाठी एसएसला मोठा ई लावा. सॉकेट बंद होतील तशा त्यांच्या ओळी छापत राहतो. आणि मशीनमध्ये खरोखर कोणी घुसलंय अशी शंका असेल तर त्याच मशीनवरच्या कमांडवर विसंबू नका. रूटचा, म्हणजे प्रशासकाचा, ताबा मिळवलेला घुसखोर आपलं सॉकेट यादीतून लपवू शकतो. बाहेरून एनमॅपने मिळालेली यादी आणि आतली यादी शेजारी ठेवा. बाहेर दिसणारा पोर्ट आत नसेल आणि त्याचा खुलासा कंटेनर किंवा राउटरमध्येही मिळत नसेल, तर ते मशीन तातडीने नेटवर्कवरून काढा.

मशीन धडधाकट असतानाच एकदा यादी फाइलमध्ये साठवून ठेवा: एसएस -टीयूएलएन, त्याला मोठा एच लावून मथळा काढायचा, सॉर्टमधून क्रम लावायचा आणि फाइलमध्ये घालायचं. यात पी मुद्दाम गाळला आहे, कारण पीआयडी दर वेळी बदलतात आणि तुलना करताना प्रत्येक ओळ बदललेली दिसते. रांगांचे आकडे कधी हलले तर तेवढी ओळ वेगळी येईल, ती नजरेआड करा. पुढच्या महिन्यात, किंवा एखादं नवीन सॉफ्टवेअर बसवल्यावर, पुन्हा तीच यादी काढून डिफ या फरक दाखवणाऱ्या कमांडने जुन्याशी ताडून बघा. नवीन ओळ आली असेल तर त्या एका पोर्टसाठी सुडो आणि पी लावून मालक शोधा.